पाय आवळ, मूठ आवळ!

गीधखोहच्या कड्यावर गिधाडांचं एकही घरटं नाही, असं खाणवाल्यांनी दिलेल्या अहवालात लिहिलं होतं. कड्यावरचे पांढरे ओघळ पारव्यांच्या विष्ठेचे आहेत, असंही लिहिलं होतं. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी कागद टेबलावर आपटला. सोमवारी अकरा वाजता सुनावणी होती. कड्याखालच्या दगडखाणीला सुरुंग लावत थेट कड्यापर्यंत येऊ द्यायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. आमच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकील प्रतिमाताईंचा शुक्रवारी फोन आला. माझं म्हणणं खरं असेल, पण नुसतं म्हणणं दाखल करता येत नाही, असं त्या म्हणाल्या. घरट्याचा फोटो हवा, त्यात पिल्लू दिसायला हवं, आणि तारीख नि जागा नोंदलेली हवी.

म्हणून मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो.

मी निशिगंधा सोनवणे. जयपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझे पप्पा, बळवंत सोनवणे, रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून त्यांची बदली झाली आणि आम्ही जयपूरच्या खातीपुऱ्याला आलो, तेव्हा मी आठ वर्षांची होते. गेली चार वर्षं मी गीधखोहची गिधाडं मोजते आहे. समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीने त्यांची ये-जा दिसते, घरटी मात्र दिसत नाहीत. कड्याचा माथा छपरासारखा पुढे आलेला आहे आणि घरटी त्या छपराखालच्या कपारींत आहेत. कड्याखाली खाणवाले पाय ठेवू देत नाहीत. ड्रोन उडवला, तर पक्षी पिल्लं उघडी टाकून उठतात. मग उरला दोर. आणि दोराचं काम जाणणारा माझ्या ओळखीचा माणूस एकच होता, माझा भाऊ रणजीत.

रणजीत माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी त्याला भैया म्हणते. पप्पांनी 'दादा' म्हणायला लावून पाहिलं, पण इथल्या शाळेने ते टिकू दिलं नाही. हिमाचलात आणि अरवलीत लोकांना कडे उतरायला शिकवणं हे त्याचं पोट भरायचं काम. खांदे रुंद, आवाज मोठा. आणि त्याच्यावर माझा चौदा वर्षांचा राग होता.

तेराव्या वर्षापासून मला भोवळ यायची. शाळेच्या प्रार्थनेत उभं राहून राहून, रक्त तपासायला सुई टोचली की, लग्नाच्या मांडवात. आधी जांभया, मग कान बंद, मग डोळ्यांपुढे अंधारी, आणि मी खाली! घरात कुणी कांदा नाकाशी धरायचं, कुणी चप्पल. मी अशक्त आहे, हे घरात ठरून गेलं. सतराव्या वर्षी एनसीसीतून उत्तराखंडच्या गिर्यारोहण शिबिराला माझी निवड झाली. यादी लागली, बूट आणले. आणि रणजीतने परस्पर सरांना जाऊन सांगितलं, की ही पडते, हिला नेऊ नका. माझं नाव खोडलं गेलं. त्याने ते मला सांगितलंसुद्धा नाही. खोडलेलं नाव मी नोटीस बोर्डावर वाचलं.

सत्ताविसाव्या वर्षी आदर्श नगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं. तिरक्या होणाऱ्या पाटावर बांधून उभं केलं, हृदयाचा आलेख काढला आणि सांगितलं, की हृदय ठणठणीत आहे. रक्त पायांत आणि पोटात उतरतं, दाब खाली येतो, मेंदूला क्षणभर पुरत नाही, म्हणून भोवळ येते. उपाय म्हणून त्यांनी मला माझेच स्नायू वापरायला शिकवलं. पायावर पाय टाकून मांड्या, नितंब आणि पोट घट्ट आवळायचं. मूठ आवळायची. बोटांत बोटं अडकवून हात बाहेर ओढायचे. जमलं तर सरळ उकिडवं बसायचं किंवा आडवं होऊन पाय वर घ्यायचे. श्वास कोंडायचा नाही. पहिली जांभई आली की लगेच सुरू करायचं, अंधारी येईपर्यंत वाट बघायची नाही. मी ते रोज घोटलं. बँकेच्या रांगेत, वर्गात, दवाखान्यात. तीन वर्षं झाली, मी एकदाही पडले नव्हते. त्या तीन वर्षांत मी गाठी शिकले, भिंतीवर चढायला शिकले. रणजीतला हे सगळं माहीत होतं. त्याचा विश्वास नव्हता, एवढंच.

पहाटे साडेपाचला गाडी निघाली. सात वाजता आम्ही डोंगराच्या पायथ्याशी द्वारकाजींच्या घरासमोर होतो. द्वारकाजी गुर्जर हे साठीचे बकऱ्या चारणारे गृहस्थ. त्या खोऱ्याचा दगडन् दगड त्यांच्या पायाखालचा. गीधखोहला जाणारी सोपी वाट खाणीच्या कुंपणाला चिकटून जाते. तिथे काठी घेतलेले दोन चौकीदार उभे होते. जमीन गावच्या चराईची होती, वाट गावाची होती, तरी त्यांनी आडवी काठी धरली. मी कागद दाखवले. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. माझं डोकं सणकलं, पण द्वारकाजींनी मला बाजूला घेतलं आणि नाल्यातून जाऊ म्हणाले.

नाला कोरडा होता, पण सरळ नव्हता! दर शंभर पावलांवर गुळगुळीत झालेली कातळाची पायरी, तिच्यावर चढायचं, दोर वर ओढायचा, पुढची पायरी. दोन्ही काठांवर धोकची पानं गळालेली झाडं आणि त्यांच्यामध्ये निवडुंगासारख्या थोराच्या काटेरी जाळ्या. एका जाळीत पाण्याचा कॅन अडकला आणि फुटला. पाच लिटर पाणी आमच्या डोळ्यांदेखत वाळूत गेलं. उरल्या दोन बाटल्या. एका तासाच्या वाटेला साडेतीन तास लागले. माथ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते आणि कातळ हाताला चटका देत होता.

पण माथ्यावरून जे दिसलं, त्याने मी क्षणभर सगळं विसरले. पायाखालच्या पोकळीत गिधाडं तरंगत होती. त्यांच्या पाठी आम्हाला वरून दिसत होत्या, पसरलेल्या पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली, आणि पंख न हलवता ती एका वाऱ्याच्या झोतावरून दुसऱ्यावर सरकत होती. दूर खाणीची पांढरी धूळ होती. त्यापलीकडे रामगढच्या बाजूच्या डोंगररांगा एकामागे एक फिकट होत गेल्या होत्या.

द्वारकाजींनी कड्याच्या उजव्या अंगाला बोट दाखवलं. छपराखाली आग्यामाश्यांची सात पोळी लटकत होती, एकेक ताटाएवढं. म्हणून दोर डावीकडे टाकायचा ठरला. खाली वीसेक मीटरवर एक अरुंद फळी होती, कातळातलीच. तिच्यावर उतरलं, की घरटी तीस मीटरवर समोर दिसणार होती. त्याहून जवळ जायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. त्या फळीवर एक बकऱ्यांची वाटही जात होती, पण ती थेट पोळ्यांखालून होती.

मी कमरेला नि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचं हार्नेस चढवायला घेतलं. रणजीतने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"तू वर थांबायचं," तो म्हणाला. "खाली तुला चक्कर आली, तर तुला सांभाळू की दोर?"

पक्षी किती अंतरावर बिचकतात हे मला कळतं, तुला नाही, असं मी म्हटलं. तीन वर्षांत एकदाही पडले नाही, हेही सांगितलं. तो हसला. "मतलब, पुढेही पडणार नाहीस, असं लिहून देतेस का?"

माझ्या तोंडून पुढे जे निघालं ते इथे लिहीत नाही. तोही तसंच बोलला. द्वारकाजी दुसरीकडे बघत बसले. आणि रागाच्या भरात रणजीतने त्या गोष्टी केल्या, ज्या तो शिकाऊ पोरांना कधी करू देत नाही. शर्ट पँटमध्ये खोचला नाही. पाणी प्यायला नाही. दोरावर परत चढायला लागणाऱ्या दोऱ्यांची छोटी पिशवी दगडावर तशीच राहिली. गळ्यात कॅमेरा अडकवून तो कड्याच्या कडेवर पाठमोरा झाला आणि दिसेनासा झाला.

दोर सरकत होता. सरकत होता. मग थांबला.

मी हाक मारली. "दोन मिनिटं," खालून आवाज आला. पाच मिनिटं गेली. डावीकडे कातळाचं एक नाकाड पुढे आलं होतं. मी पालथी पडून त्याच्या टोकापर्यंत सरपटत गेले. तिथून तो दिसला. छपराच्या खाली आठ मीटरवर, भिंतीपासून लांब, हवेत! ज्या धातूच्या कडीतून दोर सरकतो, तिच्यात त्याच्या शर्टाचं टोक ओढलं गेलं होतं. त्याचं सगळं वजन त्या गुंडाळीवर होतं. आता कडी वरही जाईना, खालीही जाईना. शर्ट सोडवायचा, तर दोरावरचं वजन काढायला हवं. वजन काढायचं, तर पाय टेकायला काहीतरी हवं. ते काहीतरी असलेली पिशवी वर माझ्या मागे दगडावर पडली होती.

सोबत आणलेला दुसरा दोर होता. मी धावत मागे आले. द्वारकाजींच्या मदतीने तो एका मोठ्या धोंड्याभोवती वेढला, खालच्या टोकाला पाय मावेल असा फास केला. द्वारकाजींना कडेपासून मागे, पोटावर झोपवून दोर सोडायला सांगितलं आणि मी पुन्हा नाकाडावर गेले.

तोवर रणजीतचे पाय वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लोंबत होते. तो मान हलवत होता, पण पाय नाही. आणि मग त्याने जांभई दिली.

मोठी, लांब जांभई. लगेच दुसरी. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. कपाळावर घाम चमकत होता. त्या जांभया मी चांगल्याच ओळखत होते. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं. उभ्या माणसाची शुद्ध गेली, तर तो निदान जमिनीवर आडवा होतो आणि रक्त परत फिरतं. लटकलेल्या माणसाला आडवंच होता येत नाही. तो तसाच उभा टांगलेला राहतो, आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

"भैया, पाय हलव," मी ओरडले. "गुडघे वर घे."

"मला माहीत आहे. शिकवू नकोस."

पण त्याने पाय हलवले नाहीत. त्याचा आवाज दारू प्यायलेल्या माणसासारखा जड झाला होता. द्वारकाजींनी मागून हळू बोलायची खूण केली, माश्या उठतील म्हणून. दुसरा दोर छपराच्या कडेवर दगडाला घासत होता, अजून सहा मीटर वर होता. रणजीतची मान छातीवर आली.

तेव्हा माझा राग उसळला. चौदा वर्षांचा सगळा राग. हा माणूस आयुष्यभर माझ्याबद्दल 'ही पडते' म्हणाला, आणि आता माझ्या समोर हा मरणार, तेही मला येत असलेली गोष्ट ऐकायची नाही म्हणून!

"माझं नाव तू खोडलंस!" मी किंचाळले. "नोटीस बोर्डावर! मला न सांगता! वर बघ!"

मान हलली.

"तुझ्या भल्यासाठी," तो पुटपुटला.

"खोटं! मूठ आवळ आणि परत बोल! मूठ आवळ!"

त्याच्या मुठी आवळल्या गेल्या. रागानेच असेल. मला चालणार होतं.

"आता घोट्यावर घोटा टाक. पाय एकमेकांवर दाब. मांड्या आवळ, पोट आवळ. आवळ! बोटांत बोटं अडकव आणि ओढ. मला फाडायचंय असं समज आणि ओढ!"

त्याने ओढलं. कडी अडकलेली असल्याने हात मोकळे सोडायची भीती नव्हती. मी आकडे मोजले. पंधरापर्यंत आवळ, थोडं सैल, गुडघे छातीशी, परत आवळ. श्वास घे, कोंडू नकोस. तिसऱ्या फेरीला त्याने मला एक घाण शिवी दिली. इतकी स्पष्ट, इतक्या मोठ्याने, की मला हायसं वाटलं. त्याच्या गालांवर रंग येत होता. राग हे काही औषध नव्हे. पण त्या रागाने त्याचे स्नायू कामाला लावले आणि स्नायूंनी रक्त वर ढकललं.

फास त्याच्या खांद्याशी आला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा त्याने पकडला, द्वारकाजींनी दोर आणखी थोडा सोडून अडकवला, त्याने वाकून त्यात पाय घातला आणि तो उभा राहिला! पहिला दोर सैल पडला. मी त्याला कमरेचा चाकू अंगाकडून बाहेर चालवायला सांगितलं, कारण पायाखालच्या ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं, तरी दोर तुटतो. त्याने शर्टाचं टोक कापलं, कडी मोकळी केली आणि सरसर बारा मीटर उतरून त्या फळीवर कोसळला.

"आडवा हो. पाय दगडावर ठेव," मी म्हटलं. या वेळी त्याने ऐकलं.

पण संकट टळलं नव्हतं. नुकताच असा प्रसंग गेलेल्या माणसाला पुन्हा हार्नेसमध्ये लटकवून वर ओढणं धोक्याचं होतं. त्याच्याकडे पाणी नव्हतं. फळीवरून बाहेर यायचा दुसरा मार्ग एकच, बकऱ्यांची वाट. आणि माझ्या ओरडण्याने माश्या जाग्या झाल्या होत्या. पोळ्यांच्या काळ्या पृष्ठभागावरून लाटेसारखी थरथर धावत होती, पुन्हा पुन्हा.

द्वारकाजी म्हणाले, ते गेले असते, पण त्यांच्या कपड्यांना बिडीचा आणि बकऱ्यांचा वास आहे. माश्या त्या वासावर तुटून पडतात. माझ्या अंगाला तसा वास नव्हता. हळू जायचं. गुणगुण वाढली, तर दगड होऊन उभं राहायचं, ती उतरेपर्यंत. खालून रणजीतने ते ऐकलं आणि तो ओरडला, "निशी, तू नको. तिथे स्थिर उभं राहावं लागेल."

हो, तेच. प्रार्थनेसारखं. मी बाटली पाठीला बांधली, पाणी प्याले आणि निघाले.

वाट एका पावलाएवढी रुंद होती. डावा खांदा भिंतीला, उजवीकडे काही नाही. चाळीस पावलं. दहा झाली. पंधरा. वर पोळ्यांचा उग्र वास. विसाव्या पावलाला गुणगुण एकदम चढली आणि एक माशी माझ्या भुवईवर बसली.

मी दगड झाले.

ऊन सरळ तोंडावर होतं. भिंतीचा फुगवटा गुडघ्यांपुढे आला होता, त्यामुळे उकिडवं बसता येत नव्हतं. पायावर पाय टाकायलाही जागा नव्हती. एक मिनिट गेलं. माशी भुवईवरून पापणीपर्यंत आली. दुसरं मिनिट. आणि मग पोटातून ती ओळखीची जांभई वर आली. मी ती ओठांतच दाबली. पाठीवर गार घाम फुटला. गुणगुण लांब गेल्यासारखी वाटू लागली, आणि मला कळलं, की माश्या लांब गेलेल्या नाहीत, माझे कान बंद होत आहेत.

मांड्या! मी दोन्ही मांड्या एकमेकींवर दाबल्या. पोटऱ्या आवळल्या, नितंब आवळले, पोट आत घट्ट केलं. मुठी नखं रुतेपर्यंत. बाहेरून मी हलत नव्हते, एक केसही नाही. आतून मी ओझं उचलत होते. श्वास चालू. पंधरा मोजले. थोडी सैल झाले, अंधाराची किनार लगेच आत सरकली. परत आवळलं. मनात म्हटलं, या वाटेवर माझं नाव कुणी खोडू शकत नाही. परत. चौथ्या वेळी तोंडावर ऊब चढली. पाचव्या वेळी कान उघडले आणि माश्यांचा आवाज मला पुन्हा जवळून ऐकू आला. इतका भयंकर आवाज आणि इतकी गोड बातमी! सहाव्या वेळी गुणगुण उतरत गेली. माशी उडाली.

मी पुढचं पाऊल टाकलं. उरलेली वीस पावलं कशी झाली, आठवत नाही.

रणजीत आडवा होता, पाय दगडावर. त्याने अर्धी बाटली घोट घोट करून संपवली. मग डोळ्यांवर हात ठेवून बोलला.

"मला पहिल्यापासून होतं, निशी. दहावीत पहिल्यांदा आली चक्कर. रक्तदानाला दोनदा. मी कुणाला सांगितलं नाही."

मला समजायला वेळ लागला. घरात किंवा मांडवात मी पडू लागले, की सगळ्यांच्या आधी हाच मला कसा धरायचा, ते तेव्हा समजलं. त्याला माझ्या जांभया ओळखू यायच्या.

"मग सरांना का सांगितलंस?"

"घरात हे एकालाच असावं, असं वाटायचं. आणि तो मी नसावा."

त्याला मारावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. गैरसमजाने केलं असतं, तर त्याची मला सवय होती. याने समजून-उमजून केलं होतं. माझी चौदा वर्षं त्याने आपली लाज झाकायला वापरली होती! माझ्या मुठी पुन्हा आवळल्या गेल्या. पण तीस मीटरवर घरटी होती, आणि कॅमेरा धरणाऱ्या हाताला थरथरून चालणार नव्हतं.

"पाय वरच ठेव," मी म्हटलं आणि त्याच्या गळ्यातून कॅमेरा काढला.

फळीच्या टोकाला पोटावर झोपले. भिंग फिरवलं. कपारीत काटक्यांचा ढीग, त्यावर राखाडी पिसांची आई, आणि तिच्या पोटाखालून वर आलेलं पांढऱ्या लवेचं डोकं. पारवे! मी फोटो घेतला. दुसरी कपार, दुसरं पिल्लू. चार घरटी, तीन पिल्लं, एका घरट्यात आई नुसतीच बसलेली. प्रत्येकाचे दहा-दहा फोटो, तारीख आणि जागेसह. एकही पक्षी उठला नाही.

चार वाजता भिंतीवरचं ऊन सरकलं आणि पोळी शांत झाली. मग आम्ही निघालो. त्याला मी पुढे ठेवलं, हार्नेसला धरून. मध्यावर तो थबकला. त्याच्या मानेवर घाम दिसला. मी कुजबुजले, "आवळ." त्याने आवळलं. मीही आवळलं. दोघं पोळ्यांखाली तसे उभे होतो, भिंतीला चिकटून. मग तो चालू लागला. पलीकडे द्वारकाजींनी हात पुढे करून त्याला ओढून घेतलं, आणि मग मला.

सुनावणीचं आधी सांगून टाकते. सोमवारी फोटो दाखल झाले. अहवालवाल्यांनी पुन्हा पारव्यांचं काढलं. अधिकाऱ्यांनी पिल्लाचा फोटो बराच वेळ पाहिला, मग अहवाल लिहिणाऱ्याला पुढे बोलावून विचारलं, की तुम्ही कड्यावर गेला होता का. तो गेला नव्हता. पिल्लं उडेपर्यंत सुरुंग बंद, आणि नंतर सगळ्यांसमोर नवी पाहणी, असा आदेश झाला. कडा कायमचा वाचलेला नाही. या वर्षीची पिल्लं वाचली.

पण रविवारचं राहिलं. दिवस मावळताना आम्ही खातीपुऱ्याच्या घरी पोचलो. पप्पा ओट्यावर चहा घेत बसले होते. त्यांनी रणजीतचा फाटलेला शर्ट पाहिला, सोललेली कोपरं पाहिली, आणि माझ्याकडे वळून कपाळाला आठी घातली.

"निशीला चक्कर आली ना? मी सांगत होतो, हिला नेऊ नको म्हणून. हिच्यापायी तुझी ही दशा झाली."

चौदा वर्षं या वाक्याला मीच उत्तर देत आले होते, कधी भांडून, कधी रडून. आज मी बूट काढले आणि ओट्याच्या कडेला ठेवले. रणजीतने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही, त्याला मदतही केली नाही.

"मला आली, पप्पा," तो म्हणाला.

पप्पांनी कप खाली ठेवला.

"आणि आजच नाही," रणजीत म्हणाला. त्याचे हात पाठीमागे होते, बोटांत बोटं अडकवलेली, आणि तो ती जोर लावून ओढत होता. "दहावीपासून येते."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. पुढचं सगळं त्याने सांगायचं होतं, शिबिराच्या यादीसकट. मी कॅमेरा घेतला आणि प्रतिमाताईंना फोटो पाठवायला आत गेले.